त्यांचा ‘आउटरेज’, आपला ‘अत्याचार’

२३ डिसेंबर १९१२. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवली, त्या सोहळ्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांची स्वारी हत्तीवरून चांदणी चौकातून चालली होती. अंबारीवर बॉम्ब पडला. हार्डिंग जबर जखमी झाले, पण बचावले. त्यांच्या डोक्यावर छत्र धरणारा भारतीय सेवक मात्र जागीच गेला. तारायंत्रं खडखडली आणि ही बातमी जगभर पोचली ती ‘दिल्ली आउटरेज’ या नावानं. मेला तो छत्र धरणारा. आउटरेज झाला तो व्हाइसरॉयवर.

आज इंग्रजी बातमीत हा शब्द आला तर त्याचा अर्थ बहुधा लोकांचा संताप असा असतो. तेव्हा तसं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पहिल्या पंचवीसेक वर्षांत ‘आउटरेज’ म्हणजे संताप आणणारं कृत्यच. खून, जाळपोळ, बॉम्ब, दरोडा, बलात्कार, सगळं त्या एका शब्दात बसे. बातमीदाराला याहून सोयीचं काय हवं? नेमकं काय झालं हे कळायच्या आत मथळा तयार.

या शब्दात ‘आउट’ आणि ‘रेज’ दिसतात म्हणून रागाशी नातं लावावंसं वाटतं. पण तो जुन्या फ्रेंचमधून आला आहे आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘अल्ट्रा’ आहे, म्हणजे पलीकडे. मर्यादेपलीकडे गेलेलं कृत्य ते आउटरेज. आपल्या ‘अत्याचारा’ची घडणही हुबेहूब हीच आहे: अति आणि आचार. आणि खरी मेख इथेच आहे. मर्यादा ओलांडली असं म्हणायचं तर ती आधी कुणीतरी आखलेली हवी. जो आखतो त्याचं पाऊल रेषेपलीकडे पडलं, तरी तो रेषाच थोडी पुढे सरकवतो. म्हणून त्या काळच्या बातम्यांत आउटरेज या शब्दावरून काय घडलं हे फारसं समजत नाही. कुणी केलं आणि कुणावर, हे मात्र हमखास समजतं.

उदाहरणं इंग्लंडपासूनच घेऊ. १८६६ च्या सुमारास शेफील्डमध्ये करवतींना धार लावणाऱ्या कामगारांच्या संघटनेनं वर्गणी न भरणाऱ्यांच्या घरांत दारू पेरून स्फोट घडवले. लोक मारहाणीत आणि गोळीबारातही सापडले. इतिहासात हे ‘शेफील्ड आउटरेजेस’ म्हणून नोंदलं गेलं, चौकशी आयोग बसला. कृत्यं भयंकरच होती, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच शेफील्डमध्ये धार लावताना उडणारी धूळ छातीत जाऊन कामगार ऐन उमेदीत खोकून खोकून मरत होते. त्या मरणाला शहरात नाव होतं ‘ग्राइंडर्स अस्थमा’. म्हणजे दमा. कारखानदाराचा त्यात आउटरेज नव्हता, कामगाराच्या छातीचा दोष होता.

आयर्लंडमध्ये तर या शब्दाची सरकारी नोंदवहीच होती. जमिनीचा प्रश्न पेटला तेव्हा पोलीस दर महिन्याला ‘ॲग्रेरियन आउटरेज’ची यादी करत. १८८१ साली हा आकडा चार हजारांवर गेला. लंडनचे वाचक हादरले, आयर्लंडचे चीफ सेक्रेटरी फॉर्स्टर यांनी असल्याच आकड्यांच्या जोरावर विनाखटला कैदेचा कायदा पार्लमेंटमधून मंजूर करून घेतला. पण यादी उघडून पाहिली तर तिचा फार मोठा हिस्सा धमकीच्या पत्रांचा. रात्री कुणी जमीनदाराच्या दारावर चिठ्ठी डकवून गेला, तरी एक आउटरेज. आणि त्याच पोलिसांच्या पहाऱ्यात जमीनदाराच्या माणसांनी कुळाच्या झोपडीचं छप्पर उतरवलं, म्हातारी-पोरं पावसात काढली, तर ते ‘एव्हिक्शन’. त्याचाही हिशेब ठेवला जाई, पण वेगळ्या तक्त्यात. आउटरेजच्या रकान्यात त्याला जागा नव्हती, कारण ते कायद्यानं होत होतं.

मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांचंही तेच. १९१२ ते १९१४ या काळात त्यांनी काचा फोडल्या, टपालपेट्यांत आग टाकली, रिकामी घरं जाळली. ‘सफ्रजेट आउटरेजेस’ हा मथळा तेव्हा वाचकांच्या अंगवळणी पडला होता. त्याआधी, १८ नोव्हेंबर १९१० ला, पार्लमेंटवर चालून गेलेल्या सुमारे तीनशे बायकांना पोलिसांनी कित्येक तास बदडलं, ढकललं, त्यांच्या अंगाशी नको ते चाळे केले. हे बायकांनी स्वतः लिहून दिलं. गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी चौकशी नाकारली. तिथे हा शब्द कुणा मोठ्या पत्राला सुचल्याचं दिसत नाही.

हिंदुस्थानात आउटरेज थेट कायद्याच्या नावात बसला. मलबारातल्या मोपला मुसलमानांसाठी १८५४ चा ‘मोपला आउटरेजेस ॲक्ट’, पंजाबच्या सरहद्दीसाठी १८६७ चा ‘मर्डरस आउटरेजेस ॲक्ट’. दुसऱ्या कायद्यात झटपट खटला, झटपट फाशी. १९०८ साली मुझफ्फरपूरला खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांचा बॉम्ब भलत्याच गाडीवर पडला, केनेडी मायलेकी मारल्या गेल्या, आणि ‘बॉम्ब आउटरेज’ हा जोडशब्द अँग्लो-इंडियन पत्रांत कायमचा रुळला. त्या बॉम्बची कारणमीमांसा ‘केसरी’नं केली म्हणून टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. उलटतपासणीत टिळकांनी सरकारी भाषांतरकाराला शब्दाशब्दावर धरलं. मराठी शब्दांना इंग्रजीत नको ती धार दिली आहे, हा त्यांचा मोठा आक्षेप होता. कोर्टानं तो मानला नाही. सहा वर्षं मंडाले.

आता अमृतसर. इथे जरा थांबायला हवं.

१० एप्रिल १९१९ ला डॉ. सत्यपाल आणि डॉ. किचलू या स्थानिक पुढाऱ्यांच्या अटकेनंतर शहरात जमाव निघाला, रेल्वेच्या पुलाजवळ त्याच्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. मग चिडलेला जमाव शहरात उलटला. बँका जाळल्या, पाच युरोपियन मारले. मार्सेला शेरवुड ही मिशनरी बाई सायकलवरून आपल्या शाळांकडे निघाली होती. कूचा कौरियांवाला या अरुंद गल्लीत जमावानं तिला गाठून मारलं आणि मेली असं समजून टाकून दिलं. त्याच वस्तीतल्या भारतीय माणसांनी तिला उचलून घरात घेतलं, औषधपाणी केलं, लपवलं आणि वाचवलं. तिच्यावरचा हल्ला हा इंग्रजांच्या लेखी त्या दिवसांतला सर्वांत मोठा आउटरेज. त्याची शिक्षा म्हणून जनरल डायरनं हुकूम काढला की त्या गल्लीतून जाणाऱ्या हिंदी माणसानं सरपटत जायचं. गल्लीला मागचं दार नसलेली घरं होती. तिथे राहणाऱ्यांना पाणी आणायचं, डॉक्टर आणायचा, तर पोटावर. गल्लीत फटक्यांसाठी तिकाटणंही उभं केलं होतं. ज्या वस्तीनं त्या बाईचा जीव वाचवला, तीच वस्ती सरपटली.

या दोन घटनांच्या मधोमध १३ एप्रिलचा जालियनवाला बाग आहे. १६५० गोळ्या, सरकारी हिशेबानं ३७९ मृत. याला काय म्हणायचं ठरलं? चौकशीसाठी जी समिती नेमली तिचं अधिकृत नाव ‘डिसऑर्डर्स इन्क्वायरी कमिटी’, म्हणजे बेबंदशाहीची चौकशी. कागदोपत्री सगळ्या प्रकरणाला ‘पंजाब डिस्टर्बन्सेस’ हे नाव पडलं. डिस्टर्बन्स हा लोकांचा. त्यात गोळीबार हा त्यावरचा उपाय म्हणून येतो. बातम्यांवर इतका कडक पहारा होता की तपशील इंग्लंडच्या वाचकांपर्यंत धडपणे पोचायला डिसेंबर उजाडला. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक हॉर्निमन यांना एप्रिलमध्येच मुंबईतून उचलून बोटीत बसवलं होतं. समितीत मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड होते. त्यांनी डायरला विचारलं की वाट रुंद असती आणि चिलखती गाड्या आत गेल्या असत्या, तर मशीनगन चालवल्या असत्या का? डायरनं, बहुधा हो, असं सांगितलं. एका सरळ प्रश्नानं जे उघडं पडलं ते ‘डिस्टर्बन्सेस’ या शब्दाखाली महिनोन्‌महिने झाकून होतं. पुढे १९२० मध्ये चर्चिल यांनीच पार्लमेंटात जालियनवाला बागेला राक्षसी म्हटलं. हे तेच, बायकांच्या वेळी चौकशी नाकारणारे. त्याच सुमारास ‘मॉर्निंग पोस्ट’ हे पत्र डायरसाठी निधी गोळा करू लागलं.

कुणी म्हणेल, सत्ताधाऱ्याची भाषा सत्ताधाऱ्याची असणारच, यात नवल ते काय? नवल नाही. पण हा शब्द कुणाच्या मालकीचा नसतो, ज्याच्या हाती छापखाना त्याच्याकडे तो जातो, हे अमेरिकेत फार लख्ख दिसतं. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेनं मुक्त झालेल्या काळ्या माणसांचे खून पाडले, तेव्हा उत्तरेकडची रिपब्लिकन पत्रं त्यांना ‘सदर्न आउटरेजेस’ म्हणत. विरोधकांनी त्यावर ‘आउटरेज मिल’ असा टोमणा काढला: बघा, आउटरेजची गिरणी चालू झाली. वीसेक वर्षांत उत्तरेचा रस संपला आणि दक्षिणेतल्या पत्रांनी तोच शब्द उचलला. आता आउटरेज म्हणजे काळ्या पुरुषानं गोऱ्या बाईवर केलेला, बहुतेक वेळा नुसता सांगोवांगीचा, बलात्कार. आणि त्याचा ‘न्याय’ म्हणजे झाडाला लटकवणं. आयडा वेल्स या काळ्या पत्रकार बाईनं १८९२ मध्ये मेम्फिसच्या आपल्या पत्रात हा बनाव उघडा पाडला. तिचं कार्यालय फोडलं गेलं आणि तिला शहर कायमचं सोडावं लागलं. तिची पद्धत मला आजही वाखाणण्यासारखी वाटते. गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांनी छापलेले लिंचिंगचे आकडे आणि कारणं तिनं एकेक करून मांडली. नाव, गाव, आरोप, काय केलं. मोठा शब्द फोडून त्यातली कृत्यं बाहेर काढली की तो शब्द उभाच राहत नाही.

इथपर्यंत या शब्दाचं मोठं करून दाखवण्याचं काम पाहिलं. त्याचं दुसरं काम झाकण्याचं, आणि ते बायकांच्या बाबतीत.

१७ जून १८७५ ला लंडनकडे जाणाऱ्या आगगाडीच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात कर्नल व्हॅलेंटाइन बेकर हा युवराजांच्या बैठकीतला बडा लष्करी अधिकारी आणि एक तरुणी असे दोघंच होते. त्यानं अंगचटीला जायला सुरुवात केली तेव्हा तिनं धावत्या गाडीचं दार उघडलं आणि बाहेरच्या पायरीवर उभी राहिली. काही मैल ती तशीच, एका हातानं दार धरून. पायरीवर उभ्या बाईला लोकांनी पाहिलं, गाडी थांबली. वर्तमानपत्रांत ‘रेल्वेच्या डब्यातला आउटरेज’ आठवडेच्या आठवडे गाजला. पण नुसता मथळा वाचणाऱ्याला काय कळणार? तिला लुटलं? मारलं? हात धरला? ज्यूरीलाही तेच ठरवायचं होतं. बलात्काराच्या हेतूचा आरोप सिद्ध झाला नाही, अंगचटीचा झाला. एक वर्ष कैद, पाचशे पौंड दंड. आउटरेज दोन्हींना चालला असता.

दहा वर्षांनी डब्ल्यू. टी. स्टेड या संपादकानं ‘पॉल मॉल गॅझेट’मध्ये लंडनमधला कोवळ्या मुलींचा व्यापार उघड केला, तेव्हा बड्या पत्रविक्रेत्या कंपनीनं तो अंक विकायलाच नकार दिला. दीड महिन्याच्या आत संमतीचं वय तेरावरून सोळावर नेणारा कायदा पास झाला. स्टेडच्या लेखनात सवंगपणा भरपूर होता, आणि पुरावा मिळवायला त्यानं एक तेरा वर्षांची मुलगी विकत घेण्याचं जे नाटक केलं त्यापायी तो तुरुंगातही गेला. तरी सभ्य शब्दांनी जे वर्षानुवर्षं झालं नाही ते स्पष्ट शब्दांनी पाच-सहा आठवड्यांत झालं, हे मान्य करायला हवं.

हा झाकणारा अर्थ आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेतून आला. कलम ३५४, स्त्रीची ‘मॉडेस्टी आउटरेज’ करण्याच्या हेतूनं केलेला हल्ला. मराठीत विनयभंग. जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता लागू झाली. कलमाचा आकडा ७४ झाला, शब्द तेच. म्हणजे व्हिक्टोरियन बातमीदारीतला अर्थ इंग्लंडात कधीचा मेला, तो आपल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात रोज दाखल होतो. ‘विनय’ हा शब्द आपण एरवी नम्रतेसाठी वापरतो. बाईच्या अंगाला हात घातला तर मोडते ती तिची नम्रता, असं हे कलम म्हणतं.

आणि हा नुसता शब्दांचा काथ्याकूट नाही. पंजाबातल्या एका खटल्यात साडेसात महिन्यांच्या मुलीला इजा करणाऱ्या माणसाला या कलमाखाली शिक्षा होऊ शकते का, हा प्रश्न १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. खालच्या न्यायालयांचं म्हणणं असं की एवढ्या तान्ह्या बाळाला ‘मॉडेस्टी’च नसते, मग ती आउटरेज कशी होणार? सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं ते फिरवलं, पण सरन्यायाधीश सरकार यांनी विरोधी मत नोंदवलं. इजा झाली हे सगळ्यांना दिसत होतं; वाद शब्दावर अडला होता. पुढे जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात असं ठरवलं की कपड्यांवरून स्पर्श झाला तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालचा लैंगिक हल्ला नाही, फक्त विनयभंग. शिक्षा तीन वर्षांवरून एका वर्षावर. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबरमध्ये तो निकाल रद्द केला. ऐसपैस, गुळगुळीत शब्दाचा हा धोका आहे: नेमकं कृत्य निसटलं की उरतो तो विनय.

आता आपल्या मराठी बातमीकडे वळू. ‘अत्याचार’ या शब्दानं आउटरेजची दोन्ही कामं अंगावर घेतली. १९२० च्या दशकातलं मराठी राजकीय लेखन चाळलं तर गांधीजींची चळवळ ‘अनत्याचारी असहकारिता’ म्हणून भेटते, आणि बॉम्ब-पिस्तुलाचा मार्ग तो अत्याचारी. म्हणजे प्रजेनं राज्यकर्त्यांवर उचललेला हात तो अत्याचार, हा त्यांचा अर्थ आपण आपल्या देशभक्तीच्या लेखनातही जसाच्या तसा उतरवून घेतला होता! आज तो राजकीय अर्थ गेला. राहिला तो बायकांवरचा. ‘अल्पवयीन मुलीवर अत्याचार, आरोपी गजाआड.’ रोज, प्रत्येक जिल्ह्याच्या पानावर. मारहाण की छेडछाड की बलात्कार, हे चौथ्या ओळीत कळलं तर कळतं.

आणि ‘डिस्टर्बन्स’चं काम कोण करतं? आपलं व्याकरण. ‘संतप्त जमावाला पांगवण्यासाठी पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला.’ हे वाक्य मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. जमाव संतप्त, म्हणजे दोष त्याचा ठरला. पोलिसांना ‘करावा लागला’, म्हणजे त्यांचा नाइलाज. आणि लाठीमार सौम्य. ज्याच्या मनगटाचं हाड मोडलं त्याला कुणी विचारलं नाही, सौम्य वाटला का? दगडफेक मात्र कधी ‘करावी लागली’ असं छापून येत नाही. दगडफेक ‘केली’ जाते. मी पोलिसांच्या विरुद्ध लिहीत नाही. खरंच नाइलाज झाल्याचे प्रसंग असतात. पण नाइलाज होता की नाही हे चौकशीनं ठरायचं, बातमीच्या क्रियापदानं नाही.

२३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. अनुसूचित जमातीच्या सवलती हव्यात, एवढी मागणी. दिवसभर बसलेल्या लोकांना भेटायला कुणी मंत्री आला नाही. संध्याकाळी पोलिसांनी लाठ्या चालवल्या, लोक पळू लागले, अडथळ्यांपाशी एकमेकांवर कोसळले. ११४ माणसं मेली, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. या संध्याकाळला आजही दोन नावं आहेत. बातम्यांत आणि सरकारी कागदांत ती ‘गोवारी चेंगराचेंगरी’. समाज म्हणतो ‘गोवारी हत्याकांड’. चेंगराचेंगरी म्हटलं की माणसं माणसांच्या पायाखाली मेली, यात्रेत मरतात तशी. लाठी वाक्यातून गळते. हत्याकांड म्हटलं की ठरवून मारलं असा आरोप होतो. बातमीदारानं दोन्ही शब्द बाजूला ठेवून नुसतं एवढं लिहिलं असतं, की पोलिसांनी लाठीमार केला, त्यानंतर पळापळीत ११४ मेले, तर वाचक त्याचा तो ठरवायला मोकळा राहिला असता. पुढे झिरो माइलजवळ शहीद स्मारक झालं, उड्डाणपुलाला शहीद गोवारींचं नाव मिळालं. शहीद म्हणायचं आणि मारणाऱ्याचा उल्लेख नाही, असाही एक प्रकार आपण शोधून काढला आहे.

या सगळ्यात ‘अत्याचार’ हा शब्द एकदाच नीट वापरला गेला, तो १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात. कारण त्यात हा शब्द मोकळा सोडलेला नाही. तिसऱ्या कलमात कृत्यांची यादी आहे. अखाद्य किंवा घाण वस्तू खायला लावणं. दारात मेलेली जनावरं, विष्ठा टाकणं. कपडे उतरवून धिंड काढणं. जमीन बळकावणं. पाणवठा घाण करणं. वाट अडवणं, गाव सोडायला लावणं. ही यादी वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो शब्दाचा नाही, कृत्यांचा. आयडा वेल्सनं जे केलं तेच या यादीनं केलं.

पण बातमीत आणि चावडीवर या शब्दाचं काय झालं पाहा. मूळ इंग्रजी नावातली ‘ॲट्रॉसिटी’ मराठीत आली आणि तिचा अर्थ झाला फिर्याद. ‘सरपंचावर ॲट्रॉसिटी दाखल.’ गावात तर सरळ म्हणतात, ‘त्यानं आमच्यावर ॲट्रॉसिटी केली.’ म्हणजे ज्याच्या विहिरीत घाण टाकली तो तक्रार द्यायला गेला, तर ॲट्रॉसिटी करणारा तोच! कर्ता आणि कर्म यांची इतकी बेमालूम अदलाबदल मेम्फिसच्या गोऱ्या संपादकांनाही जमली नव्हती. बातमीदार यात सामील असतो, कारण बातमी गुन्ह्याच्या कलमानं सुरू होते, कृत्यानं नाही. सरपंचानं काय केल्याचा आरोप आहे? जातीवरून शिवी दिली, बेदखल केलं, की पाणी तोडलं? ते पानाच्या तळाशीही बरेचदा नसतं. मग वाचकाच्या मनात ‘अमुक इतक्या ॲट्रॉसिटी’ एवढाच आकडा साठतो आणि त्या आकड्यावर मोर्चे निघतात. आयर्लंडच्या नोंदवहीनं लंडनच्या वाचकाचं जे केलं तेच, फक्त इथे तो आकडा सोसणाऱ्यांच्या माथी मारला जातो.

माझं म्हणणं साधं आहे. बातमीच्या पहिल्या वाक्यात कृत्याचं नाव असावं, करणारा कर्त्याच्या जागी असावा, आरोप असेल तर ‘असा आरोप’ एवढं पुढे जोडावं. ‘अत्याचार’, ‘अतिप्रसंग’, ‘सौम्य’, ‘करावा लागला’ हे बातमीतून बाहेर काढावं. अग्रलेखात वापरा की. तिथे लिहिणारा आपल्या नावानं मत देतो.

यावर हमखास येणारा आक्षेप सभ्यतेचा. घराघरांत, मुलांसमोर वाचलं जाणारं पत्र, त्यात असले शब्द कसे? कृत्याचं नाव घेणं वेगळं आणि त्याचं चवीचवीनं वर्णन करणं वेगळं. आपल्याकडे उलटं चालतं. मथळ्यात ‘अत्याचार’ असा सोवळा शब्द, आणि आत दुपारी शेतात कसं गाठलं, ओढणीचं काय केलं याचा रसभरीत वृत्तांत. दुसरा आक्षेप कायद्याचा असतो, तोही फसवा आहे. पीडितेची ओळख छापू नये असं कायदा सांगतो आणि ते योग्यच आहे. तो ओळख झाकायला सांगतो, गुन्हा झाकायला नाही.

एक तक्रार मात्र खरी आहे. पोलिसांची प्रेसनोट रात्री उशिरा येते, तिची भाषा ठाण्याची असते, आणि तालुक्याच्या बातमीदाराला तुटपुंज्या मानधनात चार बातम्या लावायच्या असतात. प्रेसनोटमधलं वाक्य उचलून टाकणं हा त्याचा आळस नसतो, नोकरीचा भाग असतो. म्हणून हे काम त्याच्या माथी मारू नये. ते उपसंपादकाच्या टेबलावर व्हायला हवं, आणि उपसंपादकाला ते करायला सांगणारा संपादक हवा. ‘पोलिसांनी लाठीमार केला’ हे ‘पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला’पेक्षा आखूड आहे, त्यामुळे वेळही वाचेल.

राहता राहिली मथळ्यातल्या जागेची सबब. आठ कॉलमच्या पानावर एका कॉलमात अक्षरं मोजून बसवायची असतात, तिथे अडचण येते, असं डेस्कवरचे लोक सांगतात. ‘बलात्कार’ आणि ‘अत्याचार’ दोन्ही चार अक्षरी आहेत.